पेन्सिल परत येत नाही

“पेन्सिल मेला. पूर्णविराम.”

कॅप्टन म्हणाले. धाकटीची बोटं टाइपरायटरवर अधांतरी राहिली.

टकटक थांबली तशी पलीकडच्या खोलीत चिमणी कुरकुरली. इतर मुलं आवाजाने उठतात, ही पोर शांततेने उठायची. आठ महिन्यांच्या आयुष्यातल्या तिच्या सगळ्या दुपारच्या झोपा आजोबांच्या कादंबरीवरच झाल्या होत्या. धाकटीने घाईघाईने नुसती जागा सोडायची पट्टी आठ-दहा वेळा दाबली. पोर निवली.

“टाइप केलंस?” कॅप्टननी विचारलं. डोळ्यांच्या मधोमध डाग पडल्यापासून ते माणसाकडे बघायचं म्हणजे त्याच्या कानाच्या बाजूला बघायचे. कडेचं तेवढंच दिसायचं त्यांना.

“नाही.”

“का?”

“बाबा, पेन्सिल मरत नाही.”

“तुला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. एकतीस वेळा.”

खरंच होतं ते. एकतीस पुस्तकं, आणि प्रत्येकात तोच बेधडक वैमानिक, तोच त्याचा नकाशे बघणारा नॅव्हिगेटर, कानावर सदैव पेन्सिल खोचलेला, म्हणून पेन्सिल. विमान समुद्रात पडो, जंगलात पडो, नाहीतर शत्रूच्या छावणीच्या ऐन अंगणात पडो, पेन्सिल हरवायचा, आणि शेवटच्या प्रकरणात सापडायचा. शाळेत असताना धाकटीने बाकाखाली धरून ही पुस्तकं वाचली होती आणि दोनदा वर्गाबाहेर उभी राहिली होती. पुढे लग्न ठरवताना या घरात पहिल्यांदा आली, तेव्हा भिंतीवरच्या फोटोतला हसरा तरुण बघून ती पटकन म्हणाली होती, “हा पेन्सिल!” सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं होतं. मग सासूबाईच म्हणाल्या होत्या, “हो. माझा भाऊ. तुझ्या नवऱ्याचा मामा. याने कधी पाहिला नाही त्याला.”

“या वेळी मरतो,” कॅप्टन म्हणाले. “लिही.”

तिने लिहिलं. पाऊण तास ते सांगत होते आणि ती टाइप करत होती. नेहमी ते सांगताना हातवारे करायचे, विमान वळलं की खुर्चीत स्वतः कलायचे. आज हात मांडीवर होते. खाऱ्या, पांढऱ्या, तव्यासारख्या सपाट जमिनीवर एक लहान विमान पोटावर उतरतं. वैमानिकाला खरचटतसुद्धा नाही. पेन्सिलचे दोन्ही पाय मोडतात. तो पडल्या पडल्या नकाशा उघडतो आणि म्हणतो, रस्ता सात मैलांवर आहे, त्या टेकडीच्या नाकाकडे बघत सरळ चालत राहा. वैमानिक चालतो. रस्ता सापडतो. ट्रक मिळतो. मदत घेऊन तो परत येतो, आणि त्याला कळत नाही की आपण रस्त्याला नेमके कुठे लागलो होतो. त्याने खूण ठेवलेली नसते. चार दगड रचलेले नसतात, रुमाल बांधलेला नसतो. खुणा ठेवायचं काम आजवर पेन्सिलचं होतं. वाऱ्याने पावलं पुसलेली असतात. दोन दिवस शोधतात. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच तुकडीला विमान सापडतं. पेन्सिल मेलेला असतो.

“पूर्णविराम,” कॅप्टन म्हणाले.

धाकटीने कागद काढला. कार्बनची प्रत वेगळी केली. हाताला काहीतरी काम हवं म्हणून दोन्ही प्रती चार वेळा सारख्या केल्या.

“बाबा, हे खरं आहे?”

“कादंबरी आहे.”

“बाबा.”

“खरं आहे,” ते तिच्या कानाकडे बघत म्हणाले. “फक्त पेन्सिल दीड दिवस जिवंत होता. डॉक्टरांनी सांगितलं मला नंतर. ते घालायला विसरलो मी. घाल. ‘पेन्सिल मेला’च्या आधी.”

“आणि आईंना?”

“तिला मी सांगितलं की विमान पडलं आणि तो गेला. एका क्षणात. त्याला काही कळलंच नाही.” त्यांनी गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. “तेवढंच वाक्य बोलायला गेलो होतो मी त्यांच्या घरी. वाटेत पाठ करत गेलो होतो. मग चहा झाला. मग पुढच्या महिन्यात परत गेलो.”

“तुम्हीच सांगा ना त्यांना आता. असं कादंबरीतून कशाला?”

“पन्नास वर्षं प्रयत्न करतोय. तोंडाने येत नाही पोरी. हाताने येतं, ते आता तुझ्या हाताने.” ते किंचित पुढे झुकले. “रविवारी तू वाचशील. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. कबूल?”

पलीकडे चिमणीने आता खरोखरच भोंगा लावला होता. धाकटी “कबूल” म्हणाली आणि पळाली. पोरीला खांद्यावर घेऊन थोपटताना तिच्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो.

रविवारचा रिवाज या घरात तिच्या नवऱ्याच्या जन्माआधीपासूनचा. पुस्तक पुरं झालं की शेवटचं प्रकरण सगळ्यांनी जेवणाच्या टेबलाभोवती बसून ऐकायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही. वाचून झालं की आईंनी “जाऊ दे छापायला” म्हणायचं. त्या तसं म्हणेपर्यंत हस्तलिखित घराबाहेर पडायचं नाही. पूर्वी कॅप्टन स्वतः वाचायचे. डोळे गेल्यापासूनची तीन वर्षं धाकटी वाचत होती.

‘कॅप्टन’ही घरातलंच नाव. वायुदलात ते त्या हुद्द्याच्या आसपासही पोचले नव्हते. पहिल्या पुस्तकाच्या पाठीवर छापखान्याने चुकून कॅप्टन छापलं, आणि आता छापलंयच तर वाया कशाला घालवा, म्हणून आईंनी ते चालू ठेवलं.

*

शनिवारी दुपारी दादा आले. थोरले दीर. वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचे, आणि वडिलांच्या प्रत्येक पुस्तकाचंही पहिलं वाचन त्यांचंच. त्यांच्या पाठोपाठ ताई आली, दवाखान्यातली ड्यूटी संपवून, पिशवीत आईंचा रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन. आई शेजारच्या गल्लीत चष्म्याची काडी बसवायला गेल्या होत्या. कॅप्टन आत झोपले होते.

दादांनी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या उभ्या कार्बनची प्रत वाचली. हातात तांबडी पेन्सिल होती, पण त्यांनी एकही खूण केली नाही. वाचून झाल्यावर कागद ताईकडे दिले आणि नळ सोडून तोंड धुतलं.

ताईने वाचलं. मग ती खुर्चीत बसली आणि पायातले बूट काढले. “बिचारे बाबा,” ती म्हणाली.

“बिचारी आई म्हण,” दादा म्हणाले. “हे तिने ऐकायचं नाही.”

“का नाही? तिचा भाऊ होता. तिला हक्क आहे.”

“कसला हक्क? दीड दिवस तो तिथे उन्हात पडून होता, हे ऐकायचा? आता, या वयात? कुणाचं भलं होणार आहे त्याने?”

“बाबांचं,” धाकटी म्हणाली. दोघांनी वळून तिच्याकडे बघितलं. ती चिमणीला भात भरवत होती, म्हणजे निम्मा भात चिमणीच्या तोंडात होता आणि निम्मा धाकटीच्या बाहीवर.

“बाबांचं होईल,” दादा म्हणाले. “आणि आईचं काय? गेल्या महिन्यात जिन्यात चक्कर येऊन बसली ती. विसरलीस?”

इथे ताई डळमळली. ती नर्स होती. हक्काबिक्कापुढे तिला आकडा दिसायचा. “परवा एकशे सत्तर होता वरचा,” ती हळूच म्हणाली. “दादा म्हणतो ते अगदीच चूक नाही गं.”

“अहो ताई, आत्ताच तुम्ही म्हणालात…”

“आत्ता मी मुलगी म्हणून बोलले. आता यंत्र बघून बोलतेय.”

दादांनी ओला हात पँटला पुसला. “ऐका. माझ्याकडे उपाय आहे. तीस वर्षं मी बाबांची प्रुफं बघतोय. त्यांची वाक्यं मला झोपेत येतात. ‘तेवढ्यात’ने परिच्छेद सुरू करतात, इंजिनाला ‘बाईसाहेब’ म्हणतात, आणि संकट आलं की पेन्सिल विनोद करतो. आज संध्याकाळी बसून मी शेवटचं प्रकरण लिहितो. पेन्सिल सापडतो. उद्या ही ते वाचेल. आई म्हणेल, जाऊ दे छापायला. झालं.”

“आणि बाबा ऐकत बसलेले असतील ना समोर!” धाकटी म्हणाली. “त्यांचे डोळे गेलेत, कान नाही.”

“त्यांना कळेल आम्ही का केलं ते. आईसमोर ते काही बोलणार नाहीत. बोलता येत असतं तर पन्नास वर्षांपूर्वीच बोलले असते.”

हे खोटं नव्हतं. “मी त्यांना कबूल केलंय,” ती एवढंच म्हणाली.

“तू या घरात येऊन चार वर्षं झाली,” दादा म्हणाले. रागाने नाही, उलट फार मऊपणे, म्हणून ते जास्त लागलं. “आम्ही तिघं भावंडं त्या एका वाक्यावर वाढलोय. त्याला काही कळलंच नाही. लहानपणी अंधाराची भीती वाटली की आई हेच सांगायची. मामाला काही कळलंच नाही, मग तुम्ही कशाला घाबरता. ते वाक्य तू उद्या टेबलावर ठेवून मोडणार आहेस.”

धाकटीने संध्याकाळी नवऱ्याला फोन लावला. तो पंधरा दिवसांच्या पाळीवर वीजकेंद्रात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुला पटेल ते कर.” म्हणजे नवऱ्यांच्या भाषेत, मला यात ओढू नकोस.

*

रविवारी जेवणं झाली. टेबल पुसलं गेलं. आई नेहमीच्या जागी, खिडकीकडे पाठ करून बसल्या. हातात चिमणीच्या मोज्याचं विणकाम होतं. तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांच्या लायनी जोडल्याने हात रिकामे ठेवायची त्यांना सवयच नव्हती. कॅप्टन त्यांच्या समोर. त्यांनी आज दाढी केली होती, आणि हनुवटीखाली एक पट्टा तसाच राहिला होता. ताई आईंच्या शेजारी, यंत्र पायाशी. दादा दाराजवळ उभे, म्हणाले पाठ दुखतेय.

धाकटीच्या मांडीवर दोन पुडकी होती. वर दादांची पाच पानं, खाली कॅप्टनची सहा. तिने आईंकडे बघितलं. आईंनी सुया थांबवल्या, चष्मा सारखा केला, आणि लहान मुलीला गोष्ट ऐकायला मिळणार असावी तशा सरसावून बसल्या. ते बघून धाकटीचा धीर सुटला. तिने वरची पानं उचलली.

“तेवढ्यात बाईसाहेब खोकल्या,” ती वाचू लागली.

दादांनी फार छान लिहिलं होतं. इतकं की मधेच धाकटी स्वतःच विसरली. वैमानिक दुसरं विमान घेऊन निघतो, पांढऱ्या जमिनीवर चकरा मारतो, पेन्सिलच्या चष्म्याची काच उन्हात चमकते. आई हसल्या. ताईने सुस्कारा टाकला. कॅप्टनच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते तिच्या कानाच्या बाजूला बघत होते.

“…त्याने बाईसाहेबांना अलगद खाली टेकवलं. चाकांखालून उठलेली धूळ वाऱ्याबरोबर विमानाच्या पुढे पुढे धावू लागली, जणू पेन्सिलला वर्दी द्यायला…”

“थांब,” कॅप्टन म्हणाले.

मध्ये कोणी बोलायचं नाही हा नियम त्यांचाच. तो पहिल्यांदाच मोडला जात होता.

“धूळ पुढे धावतेय?”

“हो, बाबा.”

“म्हणजे वारा पाठीमागून आहे. वारा पाठीशी घेऊन कोण उतरतं? विमान थांबणारच नाही. पेन्सिलच्या अंगावरून पलीकडे जाईल.” ते वळले, दाराच्या दिशेने, बरोबर जिथे दादा उभे होते तिथे. “वाक्य सुरेख आहे रे. मला सुचलं नसतं. पण हे माझं नाही.”

दादांचा चेहरा उतरला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण उभा असा, जणू परीक्षेत कॉपी करताना पकडला गेलाय.

“बाबा, मी…”

“मी वाचलं ना,” धाकटी मध्येच म्हणाली. “दादांनी लिहिलं, पण वाचायचं मी ठरवलं. तुम्हाला कबूल करून.”

“घाबरलीस?”

“हो.”

“असू दे,” कॅप्टन म्हणाले. “मला त्यात नावं ठेवता यायची नाहीत.”

आईंनी विणकाम टेबलावर ठेवलं, घडी घातल्यासारखं, नीट. “आता मला कोणी सांगाल का,” त्या म्हणाल्या, “की यांनी काय लिहिलंय, जे मी ऐकू नये म्हणून या घरातल्या एवढ्या शहाण्या माणसांनी रविवार नासवला?”

“आई, आधी गोळी घेतलीस का?” ताई म्हणाली.

“तू ते यंत्र उचल आणि त्या कपाटात ठेव. तीस वर्षं लोकांच्या बातम्या या कानांनी जोडून दिल्यात मी. लग्नाच्या, मरणाच्या. त्यातल्या एकीनेही कान गळून पडला नाही.” त्या धाकटीकडे वळल्या. “खाली आणखी पानं आहेत ना तुझ्या मांडीवर? मघापासून बघतेय, दोन्ही हातांनी झाकून बसलीयस.”

धाकटीने कॅप्टनकडे बघितलं.

“वाच, पोरी,” ते म्हणाले.

तिने वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. त्या सहा पानांत एकही ‘तेवढ्यात’ नव्हतं, बाईसाहेब नव्हत्या, कुठेच दम घ्यायला जागा नव्हती. पेन्सिल पडल्या पडल्या नकाशा उघडतो. वैमानिक चालतो. खूण ठेवलेली नसते. दीड दिवस. पूर्णविराम.

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

आई उठल्या. ताई उठायला गेली तशी त्यांनी नुसता तळवा दाखवला. त्या गॅलरीत गेल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आतून त्यांची पाठ दिसत होती आणि अंबाड्यातून सुटलेली एक बट.

“जा ना कोणीतरी,” दादा पुटपुटले.

“तू जा,” ताई म्हणाली.

“मी कुठल्या तोंडाने जाऊ?”

आतून चिमणीचा आवाज आला. धाकटीने पोरीला उचललं आणि काही न ठरवता तशीच गॅलरीत गेली. आईंनी वळून बघितलं नाही, पण हात पुढे केले. पोर त्यांच्याकडे गेली आणि लगेच त्यांचा चष्मा ओढू लागली. नुकतीच बसवलेली काडी.

“तो माझ्याहून चार वर्षांनी लहान होता,” आई म्हणाल्या. “हिच्याच वयाचा असल्यापासून मी कडेवर घेतलाय त्याला. जड होता.” चिमणीच्या मुठीतून चष्मा सोडवला, तिने परत धरला, परत सोडवला. “दीड दिवस गं.”

धाकटीने त्यांच्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

“आत चल,” आई म्हणाल्या. “मला विचारायचंय.”

त्या आत आल्या आणि आपल्या जागेवर बसल्या नाहीत. कॅप्टनच्या शेजारची खुर्ची ओढून, त्यांच्या डाव्या बाजूला, जिथून त्यांना कडेचं दिसायचं तिथे बसल्या. चिमणी मांडीवर.

“एकटा होता?”

“हो.”

“आणि तुम्ही मला त्या एका वाक्यावर भागवलंत. पन्नास वर्षं.”

“हो.”

“माझ्याशी लग्न का केलंत?”

दादा दारातून बाहेर सटकायला निघाले, ताईने त्यांचा शर्ट धरला.

“म्हणजे?” कॅप्टन म्हणाले.

“म्हणजे भावाचं देणं म्हणून बहिणीशी लग्न केलंत का? सरळ विचारतेय, सरळ सांगा. आज खरं बोलायचा दिवस आहे असं दिसतंय.”

कॅप्टनचे कान लाल झाले. म्हातारा माणूस लाजतो तेव्हा कान आधी सांगतात. “मी तुमच्या एक्सचेंजला फोन करायचो,” ते म्हणाले. “दर गुरुवारी. तुझी पाळी असायची.”

“मला माहितीये. त्या छावणीतल्या दुकानाचा नंबर मागायचात.”

“ते दुकान नव्हतंच. नंबर खोटा होता. तू म्हणायचीस, ‘थांबा हं, शोधते,’ आणि शोधत राहायचीस. मी तेवढा वेळ ऐकत बसायचो. प्रायश्चित्त करणारा माणूस असलं काही करत नाही. प्रायश्चित्तात मजा येत नाही, आणि मला यायची. म्हणून तर सांगता येईना. आधी सांगितलं नाही कारण तू रडत होतीस. नंतर सांगितलं नाही कारण तू हसायला लागली होतीस.”

आईंनी डोळे पुसले, पोरीच्याच झबल्याने. “खोटा नंबर! आणि मी वरिष्ठांकडे तक्रार केली होती की डिरेक्टरीत चूक आहे.”

ताई हुंदका आणि हसू एकदम फुटल्यासारखं काहीतरी करून मोकळी झाली.

“आता दुसरं,” आई म्हणाल्या. आवाज पुन्हा एक्सचेंजमधला झाला. “खूण ठेवायला विसरलात, असं लिहिलंय. विसरलात कसे? गॅस बंद केलाय का ते तुम्ही तीन वेळा उठून बघता. छत्री नेलीत तर दोन आणता. तुम्ही विसरणारा माणूस नाही.”

“विसरलो. त्याचं काम होतं ते, मला सवय…”

“अहो, रस्त्याला लागलात तेव्हा काय झालं ते सांगा. पुस्तकात एका ओळीत ट्रक आणलात. मला ट्रकच्या आधीचं हवंय.”

कॅप्टन म्हणाले, “आठवत नाही धड. पाय आपोआप चालत होते. डांबर दिसलं, त्याच्यावर आडवा झालो. ट्रकवाल्याने तोंडावर पाणी मारलं तेव्हा जाग आली. तोवर छावणी आली होती. कुठून उचललं ते त्यालाही सांगता येईना, सगळा रस्ता एकसारखा.””

“बेशुद्ध होतात?”

“असेन.”

“सात मैलांत? तुम्ही चोवीस वर्षांचे होतात. सात मैलांत तर बायका बाजार करून येतात. पाणी नव्हतं तुमच्याजवळ?”

धाकटीला एकदम जाणवलं की त्या सहा पानांत पाण्याचा एकही उल्लेख नव्हता. खारी जमीन होती, ऊन होतं, टेकडी होती, पाणी नव्हतं. एकतीस पुस्तकांत जो माणूस विमानातल्या शेवटच्या खिळ्याचासुद्धा हिशेब द्यायचा, तो पाणी लिहायला विसरला होता.

“अहो.”

“दोन बाटल्या होत्या,” कॅप्टन अगदी हळू म्हणाले. “त्याला हलता येत नव्हतं. मला तर चार तासांत परत यायचं होतं.”

“दोन्ही त्याच्यापाशी ठेवल्यात.”

“त्याने एक फेकून मारली मला. नेम चुकला. मी उचलून परत त्याच्या हाताशी ठेवली. यात लिहिण्यासारखं काय आहे? परत तर आलो नाही ना मी.”

“म्हणजे त्याला पाणी होतं,” आई म्हणाल्या. “तो तहानलेला नव्हता.”

“नव्हता. दुसरी बाटली अर्धी उरली होती.”

आईंनी डोळे मिटले. त्यांचा सगळा देह त्या एका वाक्याने खाली बसल्यासारखा वाटला, आणि मग, अगदी सावकाश, त्यांनी चिमणीला एका हातात घेतलं आणि दुसरा हात कॅप्टनच्या हनुवटीकडे नेला. राहिलेल्या दाढीच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

“रागावलेय मी,” त्या म्हणाल्या. “आज जाणार नाही तो. उद्याही जाणार नाही. तुम्ही सवय करून ठेवा.”

“बरं.”

“पण अर्धी गोष्ट लिहून स्वतःला फासावर चढवायचं, हे मला चालणार नाही. हे असं छापायला जाणार नाही. धाकटे, तो टाइपरायटर इकडे आण.”

दादांनीच आणला. मोठं जड धूड, छातीशी धरून, आणि टेबलावर ठेवताना आईकडे न बघता म्हणाले, “आई, मला वाटलं…”

“तुला वाटलं मी मोडेन. तू मुलगा आहेस, वाटणारच. पण वारा कुठून येतो ते आधी बघत जा बाबा.”

धाकटीने कागद चढवला. कॅप्टन खुर्चीत ताठ झाले. “काय करतेस? हे माझं पुस्तक आहे.”

“आणि माझा भाऊ आहे. लिही गं. वैमानिक निघाला तेव्हा त्याच्याजवळ पाणी नव्हतं. दोन्ही बाटल्या त्याने पेन्सिलपाशी ठेवल्या होत्या.”

टकटक सुरू झाली. चिमणीचे डोळे तत्काळ जडावले.

“हे बसणार नाही तिथे,” कॅप्टन म्हणाले. “नायक स्वतःची बाजू मांडतोय असं वाटेल. वाचकाला आवडत नाही ते.”

“नायक कुठे मांडतोय? मी मांडतेय. तुम्ही गप्प बसा. पुढे लिही. रस्ता दिसला तेव्हा तो पडला. खूण ठेवण्याइतकी शुद्ध त्याला नव्हती. पूर्णविराम. बरोबर म्हटलं ना? पूर्णविराम म्हणावं लागतं ना?”

“म्हणावं लागतं,” धाकटी म्हणाली. तिला समोरची अक्षरं नीट दिसत नव्हती, पण बोटांना रस्ता माहीत होता.

“आता परिच्छेद बदल.” आई जरा थांबल्या. त्यांनी टेबलाभोवती एकदा बघितलं. ताईकडे, दादांकडे, आणि मग भिंतीवरच्या फोटोकडे न बघता कॅप्टनकडे. “पेन्सिलला एक बहीण होती.”

धाकटीने टाइप केलं. एकतीस पुस्तकांत पेन्सिलला कोणीच नव्हतं. आई नव्हती, घर नव्हतं, बहीण नव्हती. तो नेहमी विमानातूनच यायचा आणि विमानातच परत जायचा.

टाइपरायटर थांबलेला असूनही पोर झोपली होती. कॅप्टन डाव्या बाजूला कललेले, आपल्या बायकोच्या चेहऱ्याची जी काही कड दिसत होती ती बघत. एवढी पुस्तकं लिहिलेला माणूस, पण आवाज असा आला, जणू बाकाखाली धरलेलं पुस्तक कोणीतरी मध्येच ओढून घेतलंय.

“मग?” ते म्हणाले. “पुढे काय झालं?”

“सांगते,” आई म्हणाल्या. “आधी जरा इकडे सरकून बसा.”